भंडारदऱ्याची भिंत

प्रवरेच्या पाण्यावर आमचें सारें आयुष्य गेलें. श्रीरामपुराकडील एका गांवीं आम्हीं तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं. पाटाला पाणी, पाण्यावर ऊंस आणि उंसावर गांवची शाळा, असा तेथील क्रम. परंतु तें पाणी येतें कोठून, हें पाहण्यास आम्हांस निवृत्त व्हावें लागलें!

गेल्या श्रावणांत अकोल्यास अगस्तींच्या आश्रमीं नमस्कार करून, राजूरवरून शेंडीस उतरलों. समुद्र प्राशन करणाऱ्या मुनींच्या शेजारीं एवढा जलाशय सुखरूप आहे, याचें कौतुक वाटलें.

धरणाचें काम १९१० सालीं निघून १९२६ सालीं पुरें झालें. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर विल्सन यांचें नांव त्यास मिळालें. उंची २७० फूट, सांठा सुमारें ११०० कोटी घनफूट. चुन्यांत बसविलेल्या दगडांची ही भिंत १९६९ सालीं तडे जाऊन गळूं लागली. तेव्हां मागून टेकू देऊन व पोलादी तारांनीं आवळून तिला सांवरण्यांत आलें. पायथ्याशीं १२ मेगावॉटचें वीजगृह आहे. येथें वीज ही पाण्याची मालकीण नव्हे. शेतीसाठीं आवर्तन सुटलें, कीं तेंच पाणी वाटेंत चक्र फिरवून नदींत उतरतें आणि ओझरच्या बंधाऱ्याशीं दोन्ही कालव्यांत शिरतें.

जलाशयाच्या वरच्या अंगास एका वाडींत पावसासाठीं आडोसा घेतला. घरधनीण वृद्ध कोळीण होती. आमचें गांव ऐकून तिनें पाण्याकडे बोट केलें.

"आजेसासऱ्याची भातखाचरं त्या तिथं हायेत, बाबा."

'होतीं' असें तिनें म्हटलें नाहीं. उन्हाळ्यांत पाणी कोठून आणतां, असें विचारतां "झऱ्यावून, हंडा भरायला पहार जातो," एवढेंच म्हणाली. समोर तर क्षितिजापर्यंत पाणी!

'धरणांचे फायदे' हा निबंध आम्हीं दरसाल घालीत असूं. एका मुलानें बुडालेल्या गांवांविषयीं लिहिलें, तेव्हां विषयांतर म्हणून आम्हीं त्याचे दोन गुण कापले होते. तें त्या ओसरीवर आठवलें आणि चहा घशाखालीं उतरेना.

निघतांना म्हातारीनें विचारलें, "औंदा तुमच्याकडं पाटाला पानी पोचलं ना?"

पोंचलें, असें आम्हीं सांगितलें.