बर्लिनहून घरीं

बर्लिनला बिऱ्हाड केलें आणि प्रथम घरीं बोलण्याची सोय पाहूं लागलों. दुकानदारानें २४ महिन्यांचा करार पुढें केला. सोबत नवा मोबाईलहि! नोकरी कायम होण्यास मात्र ६ महिने अवकाश होता. मोह आवरून वाणसामानाच्या दुकानांतलें प्रीपेड सिम घेतलें. जर्मनींत २०१७ पासून त्यालाहि ओळख पटवावी लागते, पारपत्र दाखविलें. मेख एवढीच, कीं मुदत महिन्याची नसून ४ आठवड्यांची. वर्षाला हप्ते १२ नव्हेत, १३. तो हिशेब धरूनहि तें स्वस्त पडलें. घरचें बोलणें इंटरनेटवरून, म्हणून परदेशी कॉलचा जादा आकारहि टळला.

रविवारीं येथील दुकानें बंद असतात. त्या शांततेंत आई सवयीनें म्हणाली, "पैसे पडत असतील, ठेवूं का?"

"नाहीं, बोल तूं," असें निर्धास्तपणें म्हणतां आलें.