अब्बांची पुस्तके आणि घनमीटरचा हिशोब

धाकटा भाऊ बायको-मुलासह टोरंटोला कायमचा राहायला निघाला, तेव्हा बोरगाव मेघेच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे पाहावे तिकडे खोकी. विमानात मोजक्याच बॅगा, बाकीचे सामान जहाजाने. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 33 घनमीटर जागा असते. ती सगळी घेणे परवडणारे नव्हते. इतरांच्या सामानासोबत थोडी जागा घ्यायची ठरली, आणि भाडे घनमीटरवर. मग प्रत्येक वस्तूला टेप लागू लागली. मिक्सर बाद, कारण तिकडची वीज 120 व्होल्टची. गाद्या बाद. पानदान मात्र अम्मीने स्वतःच बांधून दिले.

अब्बांच्या उर्दू-मराठी पुस्तकांसाठी भावाने सुताराकडून पेटी करून घेतली होती. पॅकिंगवाल्याने ती बाजूला सारली. परदेशी जाणाऱ्या पेटीचे लाकूड 56 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटे तापवून त्यावर शिक्का मारलेला हवा, नाहीतर लाकडातली कीड तिकडे पोहोचते. पुस्तके पुठ्ठ्याच्या खोक्यात भरली, मावली निम्मीच.

कॅनडात राहायला जाणाऱ्याने मागून येणाऱ्या सामानाची किमतीसह यादी पहिल्यांदा उतरतानाच कस्टमला द्यायची असते. ती लिहायचे काम माझ्याकडे आले. ‘वापरलेली पुस्तके’ लिहिले आणि किमतीच्या रकान्यापाशी पेन अडला.

तेवढ्यात अकरा वर्षांच्या भाच्याने एक उर्दू पुस्तक उचलले आणि डावीकडून उघडले.

“फुफू, इसमें क्या लिखा है?”

मी वर्गात वर्षानुवर्षे लोकांच्या लेकरांना उर्दू आणि मराठी शिकवते. घरातले हे पोर इंग्रजी शाळेत गेले, आणि ‘सुट्टीत बघू’ म्हणत मीच टाळत राहिले. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी आम्ही भाडे भरून पुस्तके पाठवत होतो. भावाला काय बोलणार? दोष माझाही होता.

खोके बंद करण्याआधी मी वर एक उर्दू कायदा आणि एक मराठी अंकलिपी ठेवली. यादीत त्यांचीही नोंद केली.

सामान न्हावा शेवाहून निघाले. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजे सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा उशीर होणारच. आम्ही मात्र खोक्याची वाट पाहिली नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तो माझ्यासमोर अलिफ, बे गिरवतो. पुढच्या महिन्यापासून अ, आ. शिक्का नसलेली पेटी माझ्या मागेच दिसते. उरलेली पुस्तके तिच्यातच आहेत.