ट्यूबखालची हद्द

कोकणातल्या आमच्या घराच्या पडवीत एकच ट्यूब आहे, आणि तिच्याभोवतीची हातभर भिंत एका दणकट नराच्या ताब्यात आहे. ही साधी घरपाल, हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस. शेपटी धरून चार-पाच इंचांची, दिवसा करडी, रात्री जवळजवळ पांढुरकी. दुसरा नर उजेडाच्या कडेला डोकावला की हा मान उचलून चुकचुकतो. आजी तो आवाज ऐकून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायची. भिंतीवर मात्र त्याचा अर्थ ‘मागे हो’ असा असतो. समोरचा हटला नाही तर धावाधाव, चावाचावी.

एवढं भांडण्यासारखी ती जागा आहेच. पहिला पाऊस पडून गेला की वाळवीची पंखवाली पाखरं ट्यूबवर तुटून पडतात. नर जागचा फारसा हलत नाही. कडेला दबा धरतो, दोन पावलं सरकतो आणि झडप घालतो. जबड्याबाहेर पंख फडफडत असतात, तोवर पुढचं भक्ष्य त्याच्या टप्प्यात आलेलं असतं. खाणं झालं की जीभ काढून डोळे चाटतो, कारण त्याला मिटायला पापण्याच नाहीत. डोळ्यावर पारदर्शक आवरण असतं, तेच पुसायचं.

ट्यूबच्या गुळगुळीत काचेवरही तो बिनधास्त चालतो. त्याच्या पायांत ना डिंक आहे, ना हवा ओढून धरणाऱ्या वाट्या. बोटांखालच्या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केस असतात आणि त्यांची टोकं पुन्हा शेकडो तंतूंत फुटलेली असतात. ही टोकं पृष्ठभागाच्या इतकी निकट जातात, की रेणूंमधलं क्षीण आकर्षण अख्खं शरीर पेलतं. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये पालीवर प्रयोग करून हे दाखवलं.

या नराची शेपटी मुळाशी बारीक काटेरी आणि पुढे एकदम गुळगुळीत आहे. म्हणजे ती एकदा तुटली आहे. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची नळी असते, आणि काट्यांच्या ओळी पहिल्यासारख्या येत नाहीत. मला तो ओळखू येतो तो याच खुणेने.

मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी स्पष्ट दिसतात. मीटरच्या पेटीमागे ती घातली की तिचं काम संपलं. पिल्लं मात्र ट्यूबकडे फिरकत नाहीत, अंधाऱ्या कोपऱ्यातच चिलटं टिपतात. मोठ्या पाली पिल्लांनाही गिळतात.

एवढ्या डासामाश्या खाणाऱ्या जिवाला झाडूने बडवणं मला पाहवत नाही. पाल विषारी नाही. तिच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून ती पडलेलं अन्न टाकावं, हे रास्त. पण तेवढ्यासाठी तिला मारायचं कशाला?

उजेडाची ही हद्द आमच्या पडवीपुरती नाही. जहाजांतल्या मालाबरोबर हीच पाल प्रशांत महासागरातल्या बेटांवर पोहोचली. तिथे आधीपासून एक लहानखुरी पाल इमारतींवर राहत होती. तिच्यात बहुतेक साऱ्या माद्याच, नराविना अंडी घालणाऱ्या. पेट्रेन, बोल्जर आणि केस यांनी 1993 मध्ये या दोघींची स्पर्धा तपासली. दिव्यांमुळे किडे एका जागी गोळा होत, तिथे आकाराने मोठी आणि चपळ फ्रेनॅटस ताबा घेई आणि लहानखुरी तिला टाळून दूर सरकत असे. त्यामुळे शहरी भिंतींवरची तिची संख्या घटत गेली.