रांजणगावचा कोरिया आणि बुद्धाचे अक्षर

दौंड म्हणजे रेल्वेचे जंक्शन. मनमाडकडे जाणारा मार्ग येथूनच फुटतो. दौंडहून चौफुला गाठावा, पारगावाजवळ भीमा ओलांडावी आणि न्हावऱ्यावरून शिरूरला यावे. वाटेत ऊस आणि गुऱ्हाळे. शिरूरचे जुने नाव घोडनदी. तेथून पुण्याच्या दिशेने निघाले की रांजणगाव लागते. गणपतीमुळे ओळखले जाणारे हे गाव आता कारखान्यांचेही झाले आहे. येथील औद्योगिक वसाहतीत एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना आहे.

कोरिया म्हटले की आपल्याला फ्रीज आणि टीव्ही आठवतो. पण या देशाशी आपले नाते फार जुने आहे. इ.स. 372 मध्ये चीनमार्गे तेथे धम्म पोहोचला आणि त्याच्याबरोबर बुद्धाचे अक्षरही रुजले.

चिनी लोकांना 'बुद्ध' हा शब्द लिहायचा होता. त्यांची लिपी आपल्यासारखी बाराखडीची नाही. म्हणून त्यांनी जवळच्या उच्चाराचे एक अक्षर घेतले. त्या काळी त्याचा उच्चार 'बुत्'च्या जवळपास होता. पुढे चीनमध्ये त्याचे 'फो' झाले, जपानात 'बुत्सु' आणि कोरियात 'बुल'. कोरियनमध्ये अशा शब्दांतला शेवटचा 'त्' नियमाने 'ल' होतो. म्हणून बुद्धाची शिकवण ती 'बुल्ग्यो' आणि ग्योंगजू येथील प्रसिद्ध विहार तो 'बुल्गुक्सा', म्हणजे बुद्धदेशाचा विहार.

गंमत अशी की या अक्षराच्या उजव्या भागाचा आकार डॉलरच्या खुणेसारखा दिसतो. म्हणून कोरियात तो उजवा भाग एकटाच डॉलरसाठी वापरला गेला. त्यालाही 'बुल'च म्हणतात!

आता अक्षराची रचना पाहा. डाव्या बाजूला माणसाची खूण आहे. उजव्या भागाचा स्वतंत्र अर्थ 'नव्हे' असा होतो. दोन्ही जोडून कोणी 'माणूस नव्हे' असा अर्थ काढील. पण उजवा भाग येथे केवळ उच्चारासाठी घेतला आहे. अर्थाची खूण डावीकडे आहे आणि ती माणसाची आहे! बाबासाहेबांनी आपल्याला हेच सांगितले. तथागत मोक्षदाता नव्हेत, मार्गदाता आहेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, हीही एक आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. हजारो चिनी अक्षरे शिकायला वेळ आणि पैसा लागे. त्यामुळे कोरियात विद्या वरच्या वर्गाकडेच राहिली. राजा सेजोंगने सामान्य माणसासाठी 1443 मध्ये सोपी लिपी तयार केली आणि 1446 मध्ये ती जाहीर केली. उच्चभ्रूंनी तिला नाके मुरडली. आज सारा कोरिया त्याच लिपीत लिहितो. जुनी अक्षरे मुख्यतः विहारांच्या पाट्यांवर आणि ग्रंथांत दिसतात. ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्या घरी हा इतिहास निराळा समजावून सांगावा लागत नाही.

कोरियात बुद्धजयंतीला सार्वजनिक सुटी असते. रांजणगावात पाळीवर जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एखाद्या कोरियन सहकाऱ्याशी बोलताना 'बुल्ग्यो' हा शब्द उच्चारून पाहावा. ओळख यंत्रापलीकडे जाईल. नमो बुद्धाय! जयभीम!