रिकामा नसलेला किनारा

भिवंडीत शांतता सहज मिळत नाही. यंत्रमागांची खटखट दिवसरात्र चालू असते आणि ती इथल्या माणसाच्या कानात इतकी मुरलेली असते की मध्यरात्री वीज गेली, माग थांबले, की झोपेतून जाग येते. मागांच्या जोडीला आता गोदामं आली. काल्हेर, राहनाळ, माणकोली, जिकडे पाहावं तिकडे पत्र्याच्या उंच भिंती आणि त्यांच्यासमोर रांगेनं उभे कंटेनर. अशा गावात राहणाऱ्याला समुद्राची ओढ लागते ती लाटांत डुंबण्यासाठी नव्हे. यंत्रातून न निघालेला एखादा आवाज दोन दिवस ऐकत पडून राहावं, एवढीच ती ओढ असते.

तशी भिवंडी समुद्राला परकी नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची उभारणी सुरू झाली ती इथल्या उल्हास खाडीच्या आसऱ्यानं. दिवा-वसई गाडीत बसलं की कोपर आणि भिवंडी रोड या स्थानकांच्या मध्ये ते पाणी आजही दिसतं. दोन्ही काठांना तिवरं, ओहोटीला उघडा पडलेला चिखल, त्यात एका पायावर उभा बगळा. पुलावरून गाडी जाते तेवढा वेळ मी खिडकी सोडत नाही.

शांत किनारा शोधणाऱ्यांचा नकाशा मात्र दर काही वर्षांनी दक्षिणेकडे सरकत असतो. आमच्या भागातली माणसं आधी अर्नाळा आणि केळव्याला जात. मग अलिबाग, नागाव आणि किहीम आलं. याच किहीमला १९३० मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली सुगरण पक्ष्यांची घरटी पाहत बसले होते. नर घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तरच राहते, आणि तिचा संसार मांडून झाला की नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी तिथं नोंदवलं. विणकरांच्या गावात राहत असल्यामुळे असेल, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. एका पक्ष्याकडे इतका वेळ पाहत बसता येईल एवढी निवांत ती जागा होती. आज किहीमच्या वाडीवाडीतून बंगल्यांच्या भिंती उठल्या आहेत. मांडव्याला २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबईचा शनिवार थेट अलिबागेत येऊन उतरू लागला.

मग लोक काशीदला गेले. पांढरी वाळू, सुरूची बनं, पाठीशी फणसाडचं जंगल. तिथं मोटारबोटी आल्या, चार चाकांच्या गाड्या वाळू उडवत फिरू लागल्या. पुढं दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर आणि त्याहून पुढं तारकर्ली. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि तारकर्लीचं नाव घरोघरी पोचलं. देवबागला एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली नदी. नदीच्या मुखाशी वाळूचा एक दांडा आहे. २००४ च्या सुनामीनंतर तो वर आला असं तिथले लोक सांगतात आणि त्याला सुनामी आयलंड म्हणतात. नकाशावर जेमतेम दिसणाऱ्या आणि भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या त्या वाळूवरही खेळांच्या बोटींची आणि टपऱ्यांची दाटी झाली. आता ‘अजून कुणाला ठाऊक नाही’ असं म्हणत भोगवे आणि वेंगुर्ल्याची नावं हलक्या आवाजात सांगितली जातात.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. कॅरिबियन बेटं मराठी माणसाला कळली ती रेडिओवरून, १९७१ साली, वाडेकरांचा क्रिकेट संघ तिथं जिंकला तेव्हा. सरदेसाई आणि गावसकर यांच्या धावांसोबत पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाऊन ही नावं आपल्या ओटीवर आली. त्या समुद्रातल्या नावाजलेल्या किनाऱ्यांवर हॉटेलांची रांग लागली, तशी निवांतपणा शोधणारी माणसं साबासारख्या छोट्या बेटांकडे वळली. साबाला कायमची पुळण नाही आणि धावपट्टी जेमतेम चारशे मीटरची, म्हणून गर्दी तिथं थबकते. शिवाय भोवतालचा समुद्र तिथल्या लोकांनी १९८७ पासून राखीव ठेवला आहे. फिलिपिन्सचं बोराकाय बेट २०१८ मध्ये सांडपाण्यामुळे सहा महिने बंद ठेवावं लागलं. त्याच वर्षी थायलंडची माया बे बंद झाली आणि ती खुली व्हायला २०२२ उजाडलं. मधल्या काळात तिथं शार्क मासे परतले.

किनाऱ्याला विश्रांती देण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्या पुन्हा खुला करायचा, हे कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्या दोन महिन्यांत मासळी वाढते. आज सरकारी मासेमारीबंदी आहेच, पण त्याआधी दर्याचा मान होता.

इथंच मला आपल्या शोधातली खरी अडचण दिसते. ज्याला आपण रिकामा किनारा म्हणतो तो रिकामा नसतो. तारकर्ली-मालवणकडे पहाटे रापण ओढली जाते. होडी अर्धवर्तुळ काढत जाळं सोडते, मग दोन्ही टोकांचे दोर धरून बायाबापड्यांसह सारी वाडी ते जाळं वाळूवर आणते, आणि मासळीची वाटणी तिथंच होते. रापणीला मोकळी पुळण लागते. जाळी वाळवायला, होडी ओढायला, सुकट पसरायला जागा लागते. तो किनारा मोकळा राहिला तो कुणी तिथं आलं नाही म्हणून नव्हे, तर तिथं रोज काम करणाऱ्यांनी तो अडवला नाही म्हणून. ती शांतता गावानं राखलेली असते. आपण तिथं पोचतो, जागेचे भाव चढतात, गुंठ्यागुंठ्यानं वाड्या विकल्या जातात आणि रापण ओढणारा स्वतःच्याच पुळणीवर बाजूला सरतो. १९९१ च्या सागरी किनारा नियमांनी भरतीरेषेपासून काही अंतर बांधकामाविना राखलं होतं. २०१९ च्या नियमांनी दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर ते २०० मीटरवरून ५० वर आणलं.

गावाची सोय होऊच नये असं मात्र मी म्हणणार नाही. भिवंडीहून फार दूर नसलेलं नावाजलेलं बेट म्हणजे घारापुरी. त्याच्या लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तिथल्या तीन वस्त्यांत वीज पोचली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून टाकलेल्या तारेनं. समोर मुंबई झगमगत असताना त्या गावानं इतकी वर्षं अंधारात काढली. आपल्याला निवांत वाटावं म्हणून कुणी कंदिलाखाली राहावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

गावाची सोय आणि किनाऱ्याची शांतता दोन्ही साधण्याची वाट कोकणातल्या वेळास गावानं दाखवली आहे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला बरोबर घेऊन कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायला माणसं येऊ लागली, आणि ती गावातल्या घरांत उतरली. पंगतीला बसली, घरचं जेवली. पैसा त्या घरात राहिला. घराला मिळकत मिळाली आणि पिल्लांना अंधारी पुळण. झगझगीत दिव्यांनी ती वाट चुकतात, म्हणून ही पुळण काळोखी राहणं गावाच्या हिताचं झालं.

तेव्हा पुढची सहल आखताना ‘अजून कुणाला ठाऊक नसलेली जागा’ विचारू नका. जिथं एकदा गेलात तिथंच पुन्हा जा, त्याच घरी उतरा, त्यांच्या मुलाबाळांची नावं लक्षात ठेवा. रापण कधी ओढतात ते विचारा आणि त्या वेळी पुळण मोकळी सोडा. रात्री वाळूवर दिवे आणि गाणी लावू नका. तिथली जमीन घेण्याचा मोह टाळा. आणि अधूनमधून आपल्या उल्हास खाडीच्या काठीही जाऊन बसा, कारण तिवरं तोडून भराव घातला जाताना बोलायला तिथं कुणीतरी हवं. किनारा शांत राहतो तो त्यावर जगणाऱ्यांच्या हाती राहिला तरच. आपण पाहुणे आहोत. पाहुण्याची रीत पाळावी.