डोंगरमाथ्यावरचा जागल्या

राखण हे जगातील अतिशय जुन्या कामांपैकी एक असावे. ज्वारी हुरड्यास आली की आमच्याकडे शेतात माळा घालतात आणि हाती गोफण घेऊन कोणीतरी त्यावर दिवसभर उभा राहतो. पण अशी राखण सबंध अरण्याची करावयाची, तर माळा किती उंच घालावा लागेल, हे आम्हांस २०१८ च्या उन्हाळ्यात पाहावयास मिळाले.

आमचा पुतण्या अमेरिकेच्या वायव्येस, सिॲटल शहरी नोकरीस होता. जुलैअखेर त्याने आम्हां उभयतांच्या पाठीवर बिऱ्हाड बांधले आणि माउंट रेनियरच्या राष्ट्रीय उद्यानात नेले. पहिला मुक्काम मोविच तळ्याकाठी पडला. मोविच म्हणजे हरीण. तिकडील मूळ रहिवासी व गोरे व्यापारी यांच्या जुन्या मिश्र बोलीतला हा शब्द. उद्यानातील सर्वांत मोठे आणि सर्वांत खोल तळे ते हेच. तळावर शेकोटीस मनाई असल्यामुळे चिमुकल्या स्टोव्हवर पिठले शिजले.

दुसऱ्या दिवशी टॉल्मी शिखराची सव्वातीन मैलांची वाट धरली. हडसन्स बे कंपनीचा डॉक्टर टॉल्मी १८३३ मध्ये औषधी वनस्पती शोधीत या डोंगरांत आला होता. "काका, आता एकच वळण!" असे पुतण्याने चार वेळा सांगितल्यावर यूनिस तळे दिसले, आणि आणखी चढून गेल्यावर शिखरावरची चौकी आली. १९३३ मध्ये बांधलेली ती लाकडी माडी. वर चहूबाजूंस खिडक्या, भोवती सज्जा आणि समोर १४,४१० फूट उंचीचा हिमाच्छादित रेनियर. दारास कुलूप होते. वणव्याचा पहिला धूर हेरणारा जागल्या केव्हाच निघून गेला होता.

अशा चौक्यांच्या मध्यभागी एक गोल नकाशा मांडलेला असे. त्यावर फिरणाऱ्या दुर्बिणीवाचूनच्या साध्या नेमातून धुराची दिशा घ्यावयाची. दुसऱ्या शिखरावरील जागल्यानेही तीच घेतली, की दोन रेषा जेथे छेदतील तेथे आग. वीज कडाडू लागली म्हणजे काचेचे पाय लावलेल्या तिपाईवर उभे राहावयाचे, म्हणजे ती अंगावर उतरू नये.

या जागरणामागे मोठे भय होते. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो व मोंटाना या प्रांतांत दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर अरण्य जळाले आणि ऐंशींच्या आसपास माणसे प्राणांस मुकली. तेव्हापासून आग म्हणजे वैरी, असे वनखात्याने ठरविले. १९३५ मध्ये तर दंडकच घातला, की वणव्याची खबर लागली म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत तो आटोक्यात आलाच पाहिजे.

पण कोरड्या पाइनच्या अरण्यांत लहान लहान वणव्यांनी जो पालापाचोळा साफ होत असे, तो साचत गेला. मग पेटे तो वणवा अनावर होई. लॉजपोल पाइनची कित्येक शंकूफळे तर राळेने मिटलेली असतात. आगीची धग लागल्यावाचून ती बी सोडीत नाहीत. हे उमगल्यावर १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यानांनी आणि १९७८ मध्ये वनखात्याने आपले धोरण पालटले. काही आगी जळू द्याव्या, त्यांजवर नजर मात्र ठेवावी, असे ठरले. मृगापूर्वी राब भाजणाऱ्या आमच्या कोकणी शेतकऱ्यास हे ऐकून मोठेसे नवल वाटणार नाही.

सज्जावर बसून पुतण्या हे सांगत असता आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, घरोघर तरी दुसरे काय चालते? पोराने जरा वेगळे बोलावे, की आपली माणसे घागर घेऊन धावतात!" पुतण्या हसला. चांगली चाललेली वकिली सोडून तो परदेशी निघाला, तेव्हा घरात केवढा धूर झाला होता, हे आम्हां तिघांसही ठाऊक होते.

राखणदारास डोळे हवेतच. १९१० चे मृत्यू कोणी विसरू नयेत. परंतु दिसेल तो धूर विझविणे म्हणजे राखण नव्हे. कोणता धूर घर जाळील आणि कोणत्या धगीने मिटलेले बी उघडेल, हे ओळखावयास डोळ्यांहून अधिक काही लागते. आणि ते ओळखेपर्यंत हातातली घागर खाली ठेवून नुसते जागे राहणे, हेच राखणीतले सर्वांत अवघड काम होय.