पणजीचे गाणे

घरात विस्मरणाने ग्रासलेले ज्येष्ठ असतील, तर ‘कोको’ हा पिक्सारचा २०१७ सालचा अ‍ॅनिमेशनपट नातवंडांसह अवश्य पाहावा. मेक्सिकोतील बारा वर्षांचा मिगेल पणजीला तिच्या वडिलांचे गाणे ऐकवतो आणि अबोल झालेली ती वृद्धा हळूहळू त्याच्यासोबत गाऊ लागते. मुले रंगांत रमली. आम्ही डोळे टिपले, कारण आमच्या आईला आता आमची नावे आठवत नाहीत. स्मृतिभ्रंशातही ओळखीचे सूर पुष्कळदा टिकून राहतात. म्हणून तिन्हीसांजेला आम्ही तिच्या लहानपणीची, १९२९ साली आमच्याच कोल्हापुरात स्थापन झालेल्या ‘प्रभात’च्या चित्रपटांतील गाणी लावतो. परवा तिने एक ओळ स्वतःहून पुरी केली. आपणही ‘मला ओळखलंस का?’ असे वारंवार विचारू नये. शेजारी बसून सोबत गावे.